सोबत्यासाठी दुसरी खुर्ची



बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या या मेळाव्यात पहिली रांग आपण पेशंटबरोबर येणाऱ्यांसाठी राखली, याचा मला फार आनंद आहे. कुणाची बायको, कुणाचा नवरा, कुणाची आई, कुणाचा पीजीतला रूममेट. एरवी ही माणसं फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसतात आणि आपण पेशंटला एकट्यालाच आत बोलावतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. ते चूक होतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्या आकड्यात घरातली माणसं धरलेली नाहीत, आणि हा आजार तर घरभर असतो. कुकर किती वाजता लागणार इथपासून गावाला जाताना इन्सुलिन थंड कसं ठेवायचं इथपर्यंत.

माझे डोळे उघडले ते सोलापूरच्या एका मुलामुळे. टाइप वन मधुमेह, नोकरी इथे आउटर रिंग रोडवर, काम अमेरिकेच्या वेळेनुसार. एका रात्री इन्सुलिन घेतलं आणि कॉल लांबला, जेवण राहिलं. अडीच वाजता धारवाडच्या रूममेटला जाग आली, तर हा घामाने भिजलेला, हात थरथरताहेत आणि बोलणं चिडचिडं, तुटक. रूममेटने वाद घातला नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटं थांबून बोट टोचून पाहिलं आणि मग पोळी खायला घातली. हे तुला कुणी शिकवलं, मी विचारलं. ‘त्याच्या आईने, फोनवर.’ सोलापूरच्या त्या माउलीने आपल्या घरगुती कानडीत त्याला सगळं समजावलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो मित्राला ‘ऊटा आय्ता?’, म्हणजे जेवण झालं का, असं विचारायचा. या शहरात हा प्रश्न जो तो सहज विचारतो. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी त्याच्याइतका मोलाचा प्रश्न नाही.

आणि ती आई? पहाटे तीनला तिला आपोआप जाग येई. मुलाचा ‘ठीक आहे’ एवढा मेसेज दिसला की ती पुन्हा आडवी होई. तिच्या झोपेबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.

एक बोचणारी गोष्टही सांगतो. लग्नाच्या पंगतीत चारचौघांदेखत ‘तुला चालतं का रे हे?’ असं विचारणं प्रेमापोटी असतं, पण त्या माणसाचा घास घशात अडकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी नवऱ्यासाठी वेगळं ताट कधी वाढलं नाही. सगळ्या घराचंच जेवण साडेसातला आणलं, भातापेक्षा उसळ आणि भाजी वाढवली. होळीला पुरणपोळी प्रत्येकाला एकच, आणि नंतर दोघं कॉलनीत फेरी मारायला. कुणासाठी चाललंय हे, असं मुलांनी विचारलंसुद्धा नाही. अशी सोबत मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचं नाव आपण १४ नोव्हेंबरला, त्याच्या जन्मदिनी, आदराने घेतो. मला त्याबरोबर व्हिक्टर सॅक्सलचंही नाव घ्यावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात हा निर्वासित माणूस शांघायमध्ये अडकला होता. बायको इव्हा मधुमेही, आणि इन्सुलिन मिळेनासं झालं. तो डॉक्टर नव्हता. तरी दोघांनी पाठ्यपुस्तक वाचून म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन तयार केलं आणि सशांवर तपासलं. इव्हा जगली, आणि त्या इन्सुलिनवर तिथले इतर मधुमेहीही जगले.

सहकाऱ्यांनो, आपल्याकडून मागणं अगदी लहान आहे. तपासणीच्या खोलीत दुसरी खुर्ची ठेवा. ‘बरोबरच्यांना आत बोलवू का?’ असं आधी पेशंटला विचारा; तो नको म्हणाला तर आग्रह नको. आत आलेल्या माणसाला साखर उतरल्याची लक्षणं शिकवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे त्याच्याकडून वदवून घ्या. आणि निघताना त्यालाही विचारा, ‘तुमची झोप होते ना?’

सोमवारची ओपीडी सुरू व्हायच्या आधी ती खुर्ची तिथे असू द्या.