रहिमतुल्ला सयानी आणि आपला वॉर्ड



वर्ध्यातल्या वडीलधाऱ्यांनो, मित्रांनो,

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या घरांत डिग्री म्हणजे नोकरी. रहिमतुल्ला सयानी १८६८ साली एम.ए. झाले, पुढे वकील झाले. १८७६ मध्ये ते मुंबई महापालिकेत निवडून आले. १८८८ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले मुसलमान. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसचं अध्यक्षपद आणि मध्यवर्ती कायदेमंडळ नंतर आलं. आधी आलं ते शहराचं काम: पाणी, रस्ते, सफाई.

आपल्या वॉर्डात नाली तुंबली की नगरपालिकेत अर्ज कोण लिहितं? शिकलेली मुलं तेवढी तरी जबाबदारी घेऊ या. मतदारयादीत आपलं नाव आजच तपासा.