गादीचा वारस कोणी ठरवावा?
(लोधिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कर्जत-खालापुरात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण कोळ्यांचेही एक राज्य होते, हे आपल्या मुलांस कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही आज जव्हारचा विषय घेतला आहे.

जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. मूळ पुरुष जयबा. त्याने वारली नायकाकडे बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली आणि कातड्याच्या वाद्या कापून मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. त्याचा पुत्र नेमशाह यास १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा हा किताब दिला. राज्य डोंगरात, पण मान्यतेचा शिक्का दिल्लीचा!

पुढे शिक्का इंग्रजांच्या हाती गेला. त्याचा फटका आपल्या शेजारीच बसला. १८३८ साली कुलाब्याचे रघूजी आंग्रे वारले. मागाहून जन्मलेले मूलही १८३९ साली दगावले. विधवेने दत्तक मागितला. कंपनी सरकारने तो नाकारला आणि १८४० साली संस्थान खालसा केले. सातारा, झांशी, नागपूर यांचीही पुढे तीच गत झाली.

आता जव्हार पाहा. १८६५ साली राजे विक्रमशाह वारले. तेथेही राणीने दत्तक घेतला, आणि तोच पतंगशाह म्हणून १९०५ पर्यंत गादीवर राहिला. विधवेचे दुःख तेच, मग निकाल वेगळा का? मध्ये १८५७ चे बंड झाले होते. सरकारने धडा घेऊन १८६२ साली संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या. न्याय बदलला नव्हता, सरकारची गरज बदलली होती.

आणि या सर्व व्यवहारात रानातल्या वारल्यास वा कोळ्यास कोणी विचारले काय? नाही! १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा वारसाची गादीच संपली. आज कारभारी आपण मताने निवडतो.

पण बंधूंनो, घराघरातली गादी उरलीच आहे. कर्ता माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. विधवेचे व मुलींचे नाव गाळू नका. नोंद नसली की दुसराच वारस ठरवू लागतो; कुलाब्याने हेच शिकविले आहे.