डोळ्यांतील लेन्स आणि डोळ्यांचा ओलावा

चष्मा नाकावर बसतो आणि लेन्स प्रत्यक्ष डोळ्यावर बसते. दोहोंचें काम एकच. पण त्यांच्या स्वभावांतील सारा फरक या एका गोष्टींतून उत्पन्न होतो. चष्म्याला डोळ्याच्या घरांत प्रवेश नसतो. तो उंबरठ्याबाहेर उभा राहून आपली चाकरी करतो. लेन्स मात्र घरांत येऊन राहणारी पाहुणी आहे. तिला जागा लागते, पाणी लागतें, हवा लागते. आणि घरचें पाणी अगोदरच बेताचें असेल तर संध्याकाळपर्यंत यजमान आणि पाहुणी या दोघांचेहि हाल होतात.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हे हाल आतां परिचयाचे झाले आहेत. एखादी मुलगी नोकरीला लागते किंवा लग्नाला उभी राहते, 'चष्म्याची मुलगी' हे शब्द कोणाच्या तरी तोंडून निघतात, आणि लेन्स आणली जाते. पहिले कांहीं महिने उत्तम जातात. मग ऑफिसांतून परततांना डोळे चुरचुरूं लागतात, पापणीखालीं वाळूचा कण असल्यासारखें खुपतें, संगणकावरील अक्षरें मधूनच पुसट होतात. घरांत शिरतांच "आई, आधीं लेन्स काढून येतें," हें तिचें पहिलें वाक्य ठरून जातें. पुढें दोनच मार्ग उरतात. कोणी लेन्स कपाटांत टाकून देतें, तर कोणी शेजारीपाजारीं विचारून मिळेल तें औषध डोळ्यांत घालतें. पहिल्या मार्गानें पैसे वायां जातात. दुसऱ्या मार्गानें कधींकधीं डोळा जातो. म्हणून हा कोरडेपणा कशानें येतो व कशानें हटतो, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

डोळा आणि भिंग यांचा झगडा मूळापासूनचाच आहे. १८८८ सालीं झ्यूरिक येथील डॉक्टर आडोल्फ फिक यांनीं कांचेच्या स्पर्शभिंगांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. हीं भिंगें त्यांनीं प्रथम सशांच्या व मग स्वतःच्या डोळ्यांवर बसवून पाहिलीं होतीं. कांच आणि डोळा यांमध्यें ते द्राक्षशर्करेचें पाणी भरीत. तरीहि थोड्या तासांपलीकडे तीं भिंगें सोसत नसत. दुसऱ्याच वर्षीं कील येथील औगुस्ट म्युलर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें आपल्या अतिशय अधू दृष्टीच्या डोळ्यांवर केलेले प्रयोग प्रबंधांत नोंदले. अर्ध्या तासापलीकडे त्याला कांच सहन झाली नाहीं.

हें कोडें बऱ्याच अंशीं सुटलें तें प्राग शहरांत. रसायनशास्त्रज्ञ ओटो व्हिख्टर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लिम यांनीं पाणी शोषून मऊ होणारा एक पदार्थ तयार केला व १९६० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत त्याची माहिती दिली. सरकारी पाठबळ सुटल्यावरहि व्हिख्टर्ले थांबले नाहींत. १९६१ च्या नाताळांत त्यांनीं मुलांच्या खेळण्यांतील जोडतुकडे आणि सायकलचा डायनॅमो यांपासून घरींच एक यंत्र उभारलें आणि त्यावर मऊ लेन्स काढल्या. १९७१ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मऊ लेन्सला मान्यता दिली. आणि शतकाच्या अखेरीस सिलिकोनमिश्रित लेन्स आल्या, ज्यांतून प्राणवायु पूर्वीपेक्षां पुष्कळच अधिक जातो. असें असूनहि संध्याकाळची चुरचूर राहिलीच. याचें कारण तिचें मूळ एकट्या भिंगांत नसून अश्रूंतहि आहे.

अश्रु म्हणजे केवळ खारें पाणी, ही समजूत अपुरी आहे. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याला पारपटल म्हणतात. त्यांत रक्तवाहिन्या नसतात. जागेपणीं त्याला लागणारा बहुतेक प्राणवायु हवेंतून, अश्रूंच्या मार्गें मिळतो. शिवाय शरीरांतील अत्यंत संवेदनशील भागांत त्याची गणना होते. या पडद्यावर अश्रूंचा एक थर सतत पसरलेला असतो. डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत पदार्थ, त्यावरील पाणी आणि सर्वांत वर तेलाचा एक पातळ पापुद्रा अशी त्याची रचना असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील सुमारें ३ भाग एवढीच या साऱ्या थराची जाडी. वरचें तेल पापणीच्या कडेंतील बारीक ग्रंथींतून येतें. १६६६ सालीं हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानें त्यांचें वर्णन केलें म्हणून त्यांना मायबोमच्या ग्रंथि म्हणतात. दुधावरची साय जशी खालची वाफ अडविते, तसें हें तेल अश्रूंना उडून जाऊं देत नाहीं.

आतां या तीन सहस्रांशांच्या थरांत त्याच्या वीस ते तीस पट जाडीची लेन्स येऊन बसते. थर दुभंगतो, कांहीं पाणी लेन्सच्या खालीं राहतें, कांहीं वर. वरच्या भागाला डोळ्याचा आधार तुटतो, तेलाचा पापुद्रा विरळ होतो आणि पाणी लवकर उडतें. लेन्सचा पृष्ठभाग सुकला कीं पापणीची आंतली कड प्रत्येक उघडझापीला त्यावरून घासत जाते. दिवसभर हजारों वेळां चाललेलें हें घर्षण संध्याकाळीं 'वाळू खुपते' या शब्दांत व्यक्त होतें. २०१३ सालीं जगांतील अनेक नेत्रतज्ज्ञांनीं एकत्र बसून या त्रासाचा विचार केला, तेव्हां त्यांनींहि दोष एकट्या डोळ्यावर किंवा एकट्या लेन्सवर न ठेवतां दोहोंच्या न जमण्यावर ठेवला. त्यांनीं दिलेली एक खूण घरोघर उपयोगी पडण्यासारखी आहे. लेन्स काढतांच त्रास ओसरत असेल तर तो लेन्सचा त्रास समजावा. लेन्स काढूनहि डोळे कोरडेच राहत असतील तर डोळाच मुळांत कोरडा आहे; त्याची चिकित्सा वेगळी.

या न जमण्याला आजच्या राहणीची मोठी साथ मिळते. १९९३ सालीं जपानी संशोधकांनीं पापण्यांची उघडझाप मोजून पाहिली. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळां, पुस्तक वाचणारा १० वेळां आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहणारा केवळ ७ वेळां डोळे मिटत असल्याचें त्यांना आढळलें. शिवाय त्यावेळीं मिटणें बरेचदां अर्धवटच होतें. पापणी हीच अश्रु सारवणारी आहे. तिनें काम टाळलें तर जमीन तडकणारच. त्यांत वातानुकूलित कचेरी म्हणजे कोरडी हवा. बाहेर मुंबईचा ओलाचिंब पावसाळा असला तरी ज्याच्या मेजावर थंड हवेचा झोत येतो त्याचे डोळे नागपूरच्या वैशाखांत बसल्यासारखेच सुकतात. शिंका व सर्दीवर घेतल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्या, मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हें औषध, आणि स्त्रियांच्या बाबतींत ऋतुनिवृत्तीचा काळ, यांमुळेंहि अश्रूंत उणेपणा येतो. ही माहिती डॉक्टरांना न विचारतां सांगावी.

उपाय करतांना पहिली तपासणी लेन्सचीच व्हावी. ती उलटी तर बसविली नाहीं ना, तिची कड फाटली नाहीं ना, तिची मुदत उलटून गेली नाहीं ना, हें पाहावें. महिन्याची लेन्स तीन महिने पुरविणें ही काटकसर नव्हे. अश्रूंतील प्रथिनें व स्निग्ध द्रव्यें लेन्सवर सांचतात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग पाणी त्यावर नीट पसरत नाहीं. ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांना रोज नवी लावून रात्रीं टाकून द्यावयाची लेन्स बहुधा अधिक मानवते. कारण तिच्यावर मळ सांचण्यास वेळच मिळत नाहीं आणि साठवणीच्या द्रावणाचाहि संबंध येत नाहीं. अधिक पाणी धरणारी लेन्स अधिक सुखकर असेलच, हा समज मात्र बरोबर नाहीं. अशा कित्येक लेन्स दिवसभरांत आपलें पाणी गमावतात. कोणती लेन्स कोणत्या डोळ्याला मानवेल हें तपासणाऱ्यानेंच ठरवावें. मैत्रिणीला मानवली म्हणून ती आपल्यालाहि मानवेल असें नाहीं.

दुसरा उपाय फुकटाचा आहे. पडद्यासमोर काम करतांना दर वीस मिनिटांनीं मान वर करून खिडकीबाहेर दूरवर पाहावें आणि चार-सहा वेळां डोळे सावकाश, पुरते मिटावे. पडदा नजरेच्या किंचित् खालीं ठेवला म्हणजे डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. पंखा व वातानुकूलन यंत्र यांचा झोत तोंडावर घेऊं नये. दुचाकीवरून जातांना साधा संरक्षक चष्मा लावावा.

तिसरा उपाय पापण्यांचा. तेलाच्या ग्रंथि तुंबल्या असतील तर लेन्स काढून, स्वच्छ फडकें सोसवेल इतक्या गरम पाण्यांत पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पांच ते दहा मिनिटें ठेवावें व मग पापणीची कड हलक्या हातानें चोळावी. हें नेमानें कांहीं आठवडे केलें तरच गुण दिसतो. काजळ पापणीच्या आंतल्या कडेला घालण्याची रीत लेन्स वापरणाऱ्या स्त्रियांनीं सोडावी, कारण तें नेमकें त्या ग्रंथींच्या तोंडावरच बसतें. प्रसाधन लेन्स लावल्यावर करावें आणि लेन्स काढल्यावर पुसावें.

चौथा उपाय थेंबांचा. आणि येथेंच सर्वाधिक घोटाळे होतात. लेन्स असतांना घालावयाचे थेंब निराळे असतात. ते लेन्ससह वापरतां येतात असें त्यांच्यावर छापलेलें असावें, व शक्य तर ते परिरक्षकविरहित असावे. बेंझाल्कोनियम क्लोराइड हें परिरक्षक मऊ लेन्स शोषून घेते आणि मग तें तासन् तास डोळ्याला लागत राहतें. लाली घालविणारे थेंब रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा करतात; कोरडेपणावर त्यांचा उपयोग नाहीं, आणि रोज घातल्यास लाली उलट वाढते. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज कधींच घालूं नयेत. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचा काढा हीं लेन्स असलेल्या डोळ्यांत घालण्याचीं द्रव्यें नव्हेत, कारण तीं निर्जंतुक नसतात.

नळाच्या पाण्याविषयीं तर कांटेकोरच राहिलें पाहिजे. प्यावयास जें पाणी चालतें तें लेन्सला चालतेंच असें नाहीं. नळांत आणि गच्चीवरील टाकींत अकँथअमीबा नांवाचा सूक्ष्म जीव असूं शकतो. लेन्सबरोबर तो डोळ्यावर पोंचला तर पारपटलाला असा रोग जडतो कीं त्याच्यावर महिनोन् महिने उपचार करावे लागतात. म्हणून सुकलेली लेन्स नळाखालीं धुणें किंवा थुंकीनें ओली करणें टाळावें. लेन्स घालून स्नान व पोहणेंहि टाळावें. हात साबणानें धुवून पुरते कोरडे केल्यावरच लेन्सला लावावे. जुन्या द्रावणांत नवें ओतूं नये. रोज ताजें द्रावण घेऊन लेन्स तळहातावर बोटानें चोळावी व धुवावी, आणि डबी तीन महिन्यांनीं बदलावी. सुखासाठीं केलेली वस्तूहि निष्काळजीपणा खपवून घेत नाहीं. २००६ सालीं, ओलावा टिकविण्याच्या हेतूनेंच बनविलेलें एक द्रावण, फ्युझेरियम बुरशीच्या नेत्ररोगाच्या सांथीनंतर जगभरच्या बाजारांतून मागें घ्यावें लागलें होतें.

झोपतांना लेन्स काढलीच पाहिजे. मिटल्या डोळ्यांत प्राणवायु कमी, अश्रूंची हालचाल कमी, आणि जंतूंना मात्र उबदार जागा. लेन्स घालून झोपणाऱ्यांत जंतुसंसर्गाचा धोका अनेक पटींनीं वाढतो. दुपारच्या डुलकीलाहि हाच नियम लागू आहे.

साधी चुरचूर आणि धोक्याची सूचना यांतला भेद घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावा. डोळा दुखतो, लाल होतो, उजेड सोसत नाहीं, घाण येते किंवा दृष्टि अंधुक होते, यांपैकीं एकहि लक्षण लेन्स काढल्यावर टिकून राहिलें तर तो कोरडेपणा समजूं नये. त्याच दिवशीं नेत्रतज्ज्ञाकडे जावें, लेन्स व डबी टाकून न देतां बरोबर न्यावी, आणि परवानगी मिळेपर्यंत दुसरी लेन्स लावूं नये. पारपटलावर व्रण पडला व तो भरला, तरी मागें पांढरा डाग राहूं शकतो. आणि तो डाग नेमका बाहुलीसमोर असला तर चष्मा किंवा लेन्स, कशानेंहि पूर्वीची दृष्टि परत येत नाहीं.

हें सारें पाहतां लेन्स वापरणाऱ्याच्या घरीं योग्य नंबराचा चष्मा असणें ही चैन नसून गरज आहे. ज्याच्याजवळ चष्मा नाहीं तो लाल डोळ्यांतहि लेन्स घालून कामावर जातो, कारण त्याला दुसरा इलाजच नसतो. घरच्या माणसांनींहि एवढें ध्यानांत ठेवावें कीं चष्म्याविषयीं सहज काढलेला एक शब्द एखाद्या मुलीला दुखऱ्या डोळ्यांत दिवसभर लेन्स ठेवावयास लावतो. सकाळीं लेन्स लावल्यावर आरशासमोर तीन प्रश्न विचारावे: डोळा पांढरा आहे काय, स्पष्ट दिसतें काय, आणि सुखकर वाटतें काय? तिहींचें उत्तर होकारार्थी आलें तर लेन्स ठेवावी. एकाचेंहि उत्तर नकारार्थी आलें तर ती काढावी आणि त्या दिवशीं चष्मा लावून बाहेर पडावें.