धोका कामाचा, जबाबदारी मालकाची



रुग्णालयातील रात्रपाळी संपते तेव्हा बोळे, पट्ट्या, रक्ताने माखलेल्या चादरी आणि वापरलेल्या सुया सफाई कामगाराच्या हातांतून जातात. डॉक्टरच्या हाती असते तोवर सुई हे उपचाराचे साधन असते. कचऱ्याच्या पिशवीत तीच सुई नजरेआडचा धोका बनते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू रक्तावाटे पसरतो आणि शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधिताची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता शेकडा ६ ते ३० इतकी असू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती शेकडा ०.३ आहे. बरेच प्रौढ या आजारातून बरे होतात. परंतु काहींच्या यकृतात विषाणू ठाण मांडतो आणि पुढे सिरोसिस वा कर्करोग ओढवतो. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला असे आजारपण परवडणारे नाही.

ॲडम स्मिथने १७७६ साली असे मांडले की, काम जितके कष्टाचे आणि किळसवाणे तितकी त्याची मजुरी अधिक असते. भारतातील सफाईच्या कामाने हा सिद्धान्त खोटा ठरविला आहे. जेथे जातीने माणसाला एका कामाशी जखडले आणि दुसऱ्या कामाची दारे बंद केली, तेथे धोक्याचा मोबदला मजुरीत उतरत नाही. तो कामगाराच्या शरीरातून वसूल होतो. म्हणून लसीचा प्रश्न हा दयेचा किंवा केवळ वैद्यकाचा प्रश्न नाही. तो श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न आहे.

लस महाग आहे, ही सबब आता उरलेली नाही. या रोगावरील पहिली लस अमेरिकेत १९८१ साली मान्य झाली. भारतात ती बरीच वर्षे परदेशातून येई आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेर राही. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत झपाट्याने उतरली. २०११-१२ पासून बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात ती देशभर समाविष्ट झाली. हे योग्यच झाले. परंतु आज जो कामगार चाळिशीत आहे, त्याच्या बालपणी ही सोय नव्हती.

कायदाही मुका नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांवरील लस देण्याचे बंधन रुग्णालयांवर घातले आहे. कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांवरही तेच बंधन आहे. मग अडते कोठे? लसीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. कंत्राटी कामगार सहा महिन्यांनी त्याच रुग्णालयात असेलच, याची हमी कोण देणार? रुग्णालय कंत्राटदाराकडे बोट दाखविते, कंत्राटदार रुग्णालयाकडे. कंत्राट पद्धतीने मजुरी तर कापलीच. पण तिसरी मात्रा कोणी द्यायची, हा प्रश्नही तिने निराधार करून ठेवला.

अमेरिकेत १९९१ च्या नियमाने रक्ताशी संपर्क येणाऱ्या कामगाराला ही लस मालकाच्या खर्चाने देऊ करणे सक्तीचे केले. तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांतील या रोगाचे प्रमाण १९८३ ते १९९५ या काळात शेकडा ९० हून अधिक घटले. त्यात लसीबरोबर सुरक्षित कार्यपद्धतीचाही वाटा होता. म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरीही मालकावर बोजा टाकल्यावाचून भागले नाही.

तेव्हा कामगार संघटनांच्या मागण्या नेमक्या हव्यात. सफाईच्या प्रत्येक कंत्राटात तीनही मात्रांची अट असावी आणि अंतिम जबाबदारी रुग्णालयाची राहावी. लसीची नोंदवही कामगाराच्या हाती असावी, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी मात्रा चुकणार नाही. लस घेण्याचा वेळ हजेरीत धरावा. सुई टोचल्यास त्याच दिवशी उपचार मिळावेत. लस दिली म्हणून जाड हातमोजे व बूट नाकारता येणार नाहीत. कारण हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांवर लस उपलब्ध नाही.

आणखी एक माणूस या नियमांच्या परिघाबाहेर राहतो. घराघरांतून इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात जातात आणि त्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटांत शिरतात. तिचे नाव कोणत्याच मालकाच्या पटावर नसते. तिच्या श्रमाने शहर स्वच्छ राहते, म्हणून तिचे मालकपण शहरानेच स्वीकारले पाहिजे. नगरपालिकेच्या दवाखान्यात तिला तीन मात्रा विनामूल्य मिळाव्यात, यासाठी प्रत्येक वॉर्डातील कार्यकर्त्याने वेचकांची यादी करावी आणि ती घेऊन आरोग्य अधिकाऱ्याच्या दारी उभे राहावे. नियम कागदावर आहेत. ते दंडात टोचून घेण्याचे काम चळवळीचे आहे.