जस्ताचा धूर आणि जस्ताची फीत



जस्ती पत्र्याला वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर आपल्या बीड जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत पाहावयास मिळतो. जस्ताची वाफ होते, तिला प्राणवायू मिळतो आणि जस्ताचे ऑक्साइड बनते. तो धूर छातीत गेला की कामगाराला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

2001 साली अमेरिकेत झाँग लिन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पदार्थाला शिस्त लावली. त्यांनी त्याची भुकटी नळीच्या भट्टीत सुमारे 1400 अंश सेल्सियसपर्यंत तापविली आणि आरगॉन वायूच्या मंद झोताने वाफ कमी तापलेल्या भागाकडे नेली. तेथे चपट्या फितींसारखे स्फटिक वाढले. रुंदी 30 ते 300 नॅनोमीटर, लांबी मात्र मिलिमीटरांत! एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात, हे ध्यानात घ्यावे.

हे घडते कसे? स्फटिकाच्या सर्व बाजू सारख्या वेगाने वाढत नाहीत. साखर कारखान्यात पॅनवरचा कामगार जाणतो की, पाक घाईने आटविला तर नको तो बारीक दाणा पडतो; बेताने आटविला तर असलेला दाणाच वाढतो. तद्वत् वाफ बेताने मिळाली, तर वेगाने वाढणारी दिशा लांबत जाते आणि मंद वाढणारी बाजू चपटी राहते.

भट्टीच हवी असेही नाही. 2004 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाचा अर्क घालून सोन्याचे पातळ, त्रिकोणी स्फटिक मिळविले.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; आमचा प्रश्न निराळा. लांब, चिवट धागा फुफ्फुसातील पेशींना गिळता येत नाही; तो तेथेच रुतून बसतो. अ‍ॅस्बेस्टॉसने हे शिकविले, पण असंख्य कामगारांच्या छाती खर्ची पडल्यावर. 2008 साली कार्बनच्या लांब नॅनोनळ्यांनी उंदरांत तशीच दाहक सूज आणल्याचे दिसले. जस्ताचे ऑक्साइड आम्लात विरघळते, म्हणून त्याची गत वेगळी असेल. परंतु विरघळते म्हणून ते निर्धोक नव्हे. तो रात्रीचा ताप आठवा.

आमचा विज्ञानाला विरोध नाही. जेथे अशा फिती पोत्यांनी बनतील, तेथे बंद भट्टी, धूर ओढणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा, एवढेच आमचे मागणे आहे. आजार झाल्यावर मिळणारी भरपाई छाती परत देत नाही.