फिरत्या घराचे पाटे

नाशिक रोड स्टेशनवरून टांग्याने पंचवटीत आलेली मंडळी अजून आपल्यात आहेत. खड्डा मागे पडला तरी टांगा पुढे बराच वेळ हिंदकळत राही, हे त्यांना आठवत असेल. टांग्याचे लोखंडी पाटे धक्का झेलत. पण झेललेला धक्का जिरवायला तिथे काही नव्हते. पाट्यावर पाटा घासून जिरेल तेवढेच. मोटारीत ही उणीव शॉकॲब्सॉर्बरने भरून काढली. गॅरेजच्या भाषेत शॉकअप.

नावामुळे मात्र घोटाळा होतो. धक्का झेलतो तो पाटा किंवा स्प्रिंग, आणि गाडीचे वजनही तेच पेलतात. शॉकअपच्या नळीत तेल असते. आतला दट्ट्या वर-खाली झाला की ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते, तापते, आणि हेलकाव्यातला जोर उष्णता होऊन निघून जातो. वजन उचलणे हे त्याचे काम नव्हे.

एवढी गोष्ट न कळल्याने आम्ही पैसे घालवले. आईचे गुडघे गेलेले. धर्मशाळेचे जिने, खाली बसायचे संडास तिला जमेनात. 2021 साली राज्य शासनाचे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले, तेव्हा आमच्याही डोक्यात फिरत्या घराने घर केले. रीतसर परवानगी काढून एका प्रवासी गाडीत पलंग, ओटा, कमोड, पाण्याची टाकी बसवून घेतली. (परवानगी काढाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत.)

पहिली फेरी सप्तशृंगी गडाची. गाडी मागून बसलेली दिसत होती, पण निघालो. नांदुरीचा घाट चढताना स्टिअरिंग हाताला हलके लागू लागले. वळवले तरी पुढचा भाग सरळच जाऊ पाहत होता. आईने दांडी घट्ट धरली, ती गडावर पोचेपर्यंत सोडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मला आता कुठे नेऊ नका."

गॅरेजवाल्याने जाड, महागडे शॉकअप सुचवले. बसवले. मागचा भाग होता तिथेच राहिला.

मग आडगाव नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. ते खाली वाकलेही नाहीत. म्हणाले, "आधी काट्यावर जा. टाकी भरून, माणसं बसवून." ट्रकच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग सगळी गाडी, मग फक्त मागची चाके असे वजन केले. एकूण वजन मर्यादेत होते. मागच्या ॲक्सलचे मात्र नव्हते. दीडशे लिटरची टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली होती. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. बागेतल्या सी-सॉसारखे मागची चाके टेकू झाली, शेपूट खाली गेले आणि पुढची चाके हलकी झाली. त्यामुळे मागच्या ॲक्सलवर दीडशेपेक्षाही जास्त भार येत होता. टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये घेतली. खर्च शॉकअपपेक्षा कमी.

जादा पाटा घालूनही मर्यादा वाढत नाही. टायर, ब्रेक, ॲक्सल तेच असतात. वजन मर्यादेत आणल्यावरच पुढचा विचार. टायरमधली हवा प्रत्येक ॲक्सलच्या वजनाप्रमाणे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच राहून जातो. त्यानंतर रबरी बुश आणि यू-बोल्ट बघायचे.

मालाची गाडी कधी तरी रिकामी होते. घर मात्र उभे असतानाही भरलेलेच, त्यामुळे पाटे काही वर्षांत दबतात. पाटे बदलावेत किंवा वाढवावेत, पण बेताने. फार कडक केले तर कपाटांचे स्क्रू ढिले होतात, कपबशा फुटतात. शिवाय कडक पाटा उसळतोही जोरात. तो आवरायला जुना शॉकअप कमी पडतो, म्हणून दोन्ही एकमेकांना जुळते हवेत. लांबच्या खराब रस्त्यावर तेलाला फेस येऊन शॉकअप ढिला पडतो. तिथे गॅस भरलेला जास्त टिकाव धरतो. ॲक्सलवर हवेच्या पिशव्या बसवल्यास दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकच नळी असेल तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी आणखी कलते. उंच गाडी कलण्यावर शॉकअप हे पुरते औषध नाही. ते कलणे सावकाश करतात इतकेच. त्यासाठी दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, लागतो.

शॉकअप जिवंत आहे की नाही हे मिस्त्रींनी शिकवलेल्या युक्तीने कळते. खराब रस्त्यावरून आल्यावर गाडी सपाट जागी थांबवून चारही नळ्यांना जपून हात लावायचा. काम करणारा गरम लागतो. एखादा गारच असेल तर तो नुसता लटकलेला आहे. परवा पंढरपूरहून परतताना सिन्नरच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा मागचा डावा गार लागला. आई आत झोपली होती. आता उजवाही बदलावा लागेल. एका ॲक्सलवरचे दोन्ही जोडीनेच बदलतात.