एका आवरणातल्या दोन नर्व्ह



 वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा संघटनेच्या अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. तो कार्यवाहांच्या अहवालात आलेला आहेच. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती फार वर्षे बोलायची राहिली आहे. सायटिक नर्व्ह आपण चुकीची शिकवतो.

ही नर्व्ह पिरिफॉर्मिसच्या खालून बाहेर पडते, मांडीच्या मागच्या बाजूने उतरते आणि पॉप्लिटिअल फॉसाच्या वरच्या टोकाशी दुभंगते, असे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पण तिथे काहीही दुभंगत नाही. टिबिअल नर्व्ह प्लेक्ससच्या पुढच्या डिव्हिजन्समधून, एल-४ ते एस-३ पासून येते. कॉमन पेरोनिअल मागच्या डिव्हिजन्समधून, एल-४ ते एस-२ पासून. दोघी मांडीभर एका आवरणात शेजारी चालतात, आणि ते आवरण सोडवत गेले तर डिसेक्शन टेबलावर त्या पार नितंबापर्यंत वेगळ्या करता येतात. स्नायूही हेच सांगतात. सगळे हॅमस्ट्रिंग टिबिअलकडून पुरवले जातात, एकट्या बायसेप्सच्या शॉर्ट हेडला मात्र कॉमन पेरोनिअलची शाखा मिळते. नर्व्ह खरोखर एकच असती, तर एकाच स्नायूच्या दोन डोक्यांत हा फरक पडण्याचे कारण नव्हते. बीटन आणि अ‍ॅन्सन यांनी १९३७ मध्येच पिरिफॉर्मिसशी असलेल्या तिच्या संबंधाचे सहा प्रकार मांडले. साधारण ८५ टक्के शरीरांत ती अखंड खालून उतरते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत कॉमन पेरोनिअल स्नायू भेदून येते आणि टिबिअल खालून. या रचनेला आपण विकृतीच्या रकान्यात टाकतो. वास्तविक दोन नर्व्ह आहेत हे तिथे उघड दिसते, इतरत्र आवरणाखाली झाकलेले असते, एवढाच फरक आहे.

यावर आपल्यातले अनेकजण म्हणतात की एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला इतक्या बारकाव्याची गरज नाही. पुढे सर्जन झाला तर शिकेल. हे मला मुळीच मान्य नाही. नितंबात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने मूल लंगडू लागते, तेव्हा त्याला आधी पाहतो तो साधा डॉक्टरच. अशा इजेत बहुधा कॉमन पेरोनिअलच जास्त दुखावते: ती बाहेरच्या अंगाला असते, तिचे फॅसिकल मोठे आणि भोवतीचे संरक्षक ऊतक कमी, शिवाय फिब्युलाच्या मानेशी ती जखडलेली. पाऊल लुळे पडते, पण पोटरी शाबूत राहते. सायटिक एकसंध आहे असे शिकलेला डॉक्टर मग गुडघ्याखाली कारण शोधतो, कारण त्याच्या चित्रात वरच्या इजेने दोन्ही कामे जायला हवीत. शॉर्ट हेडची ईएमजी करावी, तिथे डिनर्व्हेशन दिसले तर इजा गुडघ्याच्या वर आहे, हे त्याला सुचणार कुठून?

दुसरा आक्षेप यंत्रांचा. अल्ट्रासाउंड आणि एमआरआय आता सगळे दाखवतात, मग डिसेक्शनवर एवढे तास कशाला? पण पडद्यावरचे दोन गोल दोन नर्व्हचे आहेत हे ओळखायला आधी ते वेगळे आहेत हे माहीत असावे लागते. पॉप्लिटिअल ब्लॉक देणारे भूलतज्ज्ञ हे रोज अनुभवतात. १९९७ मध्ये पहिल्या एमबीबीएसचा कालावधी दीड वर्षावरून एका वर्षावर आला, तेव्हापासून आपण तास वाचवत आलो आहोत, आणि वाचवताना सर्वांत आधी हे आवरण सोडवण्याचे काम सुटले. नर्व्ह दिसली, चिमट्याने उचलली, पुढे चला. देहदात्याच्या कुटुंबाने आपल्या हाती दिलेल्या शरीराचा हा अर्धवट वापर आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

तेव्हा प्रत्येक विभागाने आपल्या टेबलावरच्या शरीरांत पिरिफॉर्मिसशी काय आढळले याची नोंदवही ठेवावी, आणि त्या नोंदी संघटनेने एकत्र कराव्यात; तपशील कार्यकारिणी ठरवील. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती आजच करतो. सायटिक कुठे दुभंगते हा प्रश्न विचारणे थांबवा.